वाशिमची रेल्वे: मागण्या पाच, वाली कोण?

5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी सकाळी वाशिम जिल्ह्यात होते आणि सायंकाळी मुंबई-ठाण्यात. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला त्यांनी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले आणि किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सोडला. त्याच दिवशी त्यांनी मुंबईतल्या तिसऱ्या मेट्रो मार्गिकेच्या आरे ते बीकेसी या टप्प्याला हिरवा झेंडा दाखवला. साडेतेहतीस किलोमीटरच्या या भुयारी मार्गिकेचा खर्च 23 हजार कोटींवरून 37 हजार कोटींच्या पुढे गेला. आरेची कारशेड, कांजूरमार्गची जागा, न्यायालयाची स्थगिती आणि सत्तांतरे यांत तिची काही वर्षे गेली. तरी ती झाली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्णही झाली. पोहरादेवीला येणारा भाविक मात्र आजही रेल्वेने मानोऱ्याला पोहोचू शकत नाही, कारण मानोऱ्याला रेल्वेच नाही. मंगरुळपीर आणि रिसोडलाही नाही. कारंजाला होती, ती बंद पडली. जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी तालुक्याच्या गावी धावती गाडी आहे ती एकट्या वाशिमला. त्याशिवाय मालेगाव तालुक्यात जऊळका रेल्वे नावाचे एक गाव आहे, जिथे स्टेशन गावाच्या नावातच जाऊन बसले आहे.

वाशिमकरांच्या रेल्वेविषयक मागण्या आजच्या नाहीत. प्रत्येक निवडणुकीत त्या नव्याने मांडल्या जातात, प्रत्येक अर्थसंकल्पानंतर 'वाशिमला पुन्हा ठेंगा' अशा बातम्या येतात आणि मधल्या काळात कुठल्या तरी सर्वेक्षणाला मंजुरी मिळाल्याचे पेढे वाटले जातात. या मागण्या नेमक्या काय आहेत, त्यांतली कोणती कुठे अडली आहे आणि पैशाचे गणित कसे जुळते किंवा जुळत नाही, याचा हा आढावा.

रेल्वे आली ती बाजूने

मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे 1860 च्या दशकात वऱ्हाडातून गेली. कापसाचा माल सपाट मुलखातून लवकर बंदराला न्यावा हा त्यामागचा हिशेब होता. त्यामुळे शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही गावे लोहमार्गावर आली आणि बालाघाटाच्या पठारावरचे बासीम, म्हणजे आजचे वाशिम, दक्षिणेला राहून गेले. बासीम तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण होते. 1905 मध्ये तो जिल्हा मोडला आणि बासीम अकोला जिल्ह्यात गेले. पुन्हा जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडले. मधल्या नऊ दशकांत रेल्वेचे जे काही निर्णय झाले, ते अकोल्याकडे किंवा दक्षिणेकडून हैदराबादकडे पाहून झाले.

दक्षिणेकडून निजामाच्या रेल्वेने पूर्णा ते हिंगोली फाटा 1912 मध्ये टाकला. हिंगोलीपासून वाशिम, अकोला, अकोट, मेळघाट असा खांडव्यापर्यंतचा मीटरगेज दुवा स्वातंत्र्यानंतर जोडला गेला. जयपूर-अजमेरकडून सिकंदराबाद-काचीगुड्याकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने वाशिमवरून जायची, हे जुन्या पिढीला चांगले आठवते. पूर्णा-अकोला टप्प्याचे रुंदीकरण 2008 च्या सुमारास पूर्ण झाले, अलीकडे विजेच्या ताराही आल्या. आज काचीगुडा-नरखेड इंटरसिटी, तिरुपती-अमरावती, नागपूर-कोल्हापूर अशा गाड्या या मार्गावर आहेत.

पण रुंदीकरण अकोटच्या पलीकडे अडले. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या जुन्या मार्गाला पर्यावरणवाद्यांचा विरोध होता. 2021 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही मार्ग जंगलाबाहेरून, बुलडाणा जिल्ह्यातल्या गावांतून न्यावा, असे रेल्वेमंत्र्यांना लिहिले. वाघाला हात न लावता रेल्वे न्यायची, तर मार्ग लांबतो आणि खर्च वाढतो, हे ओघाने आलेच. अकोला-अकोट ब्रॉडगेज 2022 मध्ये सुरू झाली, पुढचा तुकडा रेंगाळला. याचा परिणाम वाशिमवर सरळ होतो. खांडवा जुळेपर्यंत वाशिमचा मार्ग उत्तर-दक्षिण महामार्ग होत नाही, अकोल्याला जाऊन मिळणारा एक फाटाच राहतो. म्हणून खांडव्यापर्यंतचे रुंदीकरण ही पहिली मागणी.

शकुंतला: जागा आहे, गाडी नाही

जिल्ह्यातली दुसरी रेल्वे आणि दुसरी मागणी म्हणजे मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ ही 113 किलोमीटरची नॅरोगेज, सगळ्यांची शकुंतला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ती बांधली. कंपनीची सूत्रे किलिक निक्सन या व्यापारी घराण्याकडे होती. हेतू कापसाचा होता. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात, त्या सोन्याची वाहतूक मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईला करायची. अडीच फुटी रुळांवर मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत धावले, मग डिझेल आले. शेवटच्या काळात गाडीचा वेग सायकलला लाजवणारा होता. वाटेतल्या स्थानकांवर कर्मचारी उरले नव्हते, तिकिटे गार्डच फाडून देत असे. तरी कारंजाच्या बाजाराला येणाऱ्या गरिबाला एसटीच्या भाड्याच्या तुलनेत ती परवडायची.

या मार्गाचे कायदेशीर त्रांगडे वेगळेच आहे. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, पण हा मार्ग खासगी कंपनीच्या नावावर राहिला. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि मोबदला कंपनीला. करार दर दहा वर्षांनी पुढे सरकत गेला. रुळांची डागडुजी कोणी करायची यावरून वाद, म्हणून वेग कमी, म्हणून प्रवासी कमी, म्हणून तोटा, आणि तोटा म्हणून डागडुजी नाही. गेल्या दशकात गाड्या टप्प्याटप्प्याने थांबल्या. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या दोन्ही फाट्यांच्या रुंदीकरणाची घोषणा झाली, सुमारे दीड हजार कोटींचा आकडाही सांगितला गेला. त्या घोषणेला आता जवळपास दहा वर्षे होत आली.

कागदावरचे मार्ग

तिसरी मागणी वाशिम-मंगरुळपीर-कारंजा-बडनेरा या नव्या मार्गाची. नकाशा समोर घेतला की तिचे कारण लगेच कळते. वाशिमहून विभागाचे ठिकाण असलेल्या अमरावतीला रेल्वेने जायचे तर आधी उत्तरेला अकोला आणि मग पूर्वेला बडनेरा, म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजू फिरायच्या. तिसरी बाजू जोडली, तर बडनेरा-नरखेड हा 138 किलोमीटरचा नवा मार्ग आधीच झालेला असल्याने वाशिमहून थेट दिल्लीच्या मुख्य मार्गापर्यंत जवळची वाट मिळते.

चौथी मागणी वाशिम-मानोरा-माहूर-आदिलाबाद मार्गाची. पोहरादेवी आणि माहूरगड या दोन्ही तीर्थक्षेत्रांना ती जोडेल आणि तेलंगणाकडे दुसरा रस्ता उघडेल.

पाचवी मागणी खरे तर मागणी नव्हे, वरून आलेले स्वप्न आहे: मुंबई-नागपूर बुलेट ट्रेन. समृद्धी महामार्गालगतच्या या हायस्पीड मार्गासाठी 2021 मध्ये विमानातून लायडार (लेसर) सर्वेक्षण सुरू झाले. प्रस्तावित स्थानकांत कारंजा लाड आणि मालेगाव जहांगीर ही जिल्ह्यातली दोन नावे होती. ज्या गावाला नॅरोगेजची गाडी टिकवता आली नाही, त्या कारंजाला बुलेट ट्रेनचे स्थानक मिळणार म्हटल्यावर लोकांनी हसावे की टाळ्या वाजवाव्यात? त्यांनी दोन्ही केले.

जिल्ह्याच्या पूर्वेला, सीमेबाहेरून, वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा नवा मार्ग होत आहे. तो दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या गावांतून जातो. 2008-09 मध्ये मंजूर झालेल्या या मार्गाचा वर्धा-कळंब हा पहिला टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. म्हणजे पहिल्या टप्प्यालाच पंधरा वर्षे.

मंजुरी कोणत्या पायरीची?

वर्तमानपत्रात 'रेल्वेमार्गाला मंजुरी' असा मथळा येतो, तेव्हा मंजुरी कशाला मिळाली हे बघावे लागते. सगळ्यात खालची पायरी प्राथमिक अभियांत्रिकी व वाहतूक सर्वेक्षणाची. त्यात मार्ग साधारण कुठून जाईल, किती माल आणि प्रवासी मिळतील आणि गुंतवणुकीवर परतावा किती, याचा अंदाज असतो. त्यानंतर अंतिम स्थान निश्चिती सर्वेक्षण, मग सविस्तर प्रकल्प अहवाल. मोठ्या रकमेच्या प्रकल्पाला पुढे नीती आयोग, अर्थ खाते आणि केंद्रीय मंत्रिमंडळ ओलांडावे लागते. हे सगळे झाल्यावर रेल्वेच्या पिंक बुकात, म्हणजे प्रकल्पवार तरतुदींच्या पुस्तकात, प्रकल्पाचे नाव येते आणि तिथेही समोरचा आकडा पाहावा लागतो. अनेक प्रकल्पांपुढे वर्षानुवर्षे हजार रुपयांची टोकन तरतूद असते. हजार रुपयांत गाव जोडले जात नाही, फक्त प्रकल्प मेला नाही एवढे कळते.

परताव्याचा निकष हा वाशिमसारख्या जिल्ह्याचा खरा अडसर. दीर्घकाळ रेल्वेने 14 टक्के परताव्याचे माप धरले होते. सोयाबीन, तूर आणि कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, सिमेंटचे मोठे कारखाने नाहीत, बंदर नाही. मालगाडीची एक पूर्ण रॅक साधारण अडीच हजार टनांची असते, म्हणजे पंचवीस टनी शंभर ट्रकांचा माल एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच गावाला जाणारा हवा. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक जोरात असते तेव्हाही व्यापाऱ्याचा माल दहा वेगवेगळ्या तेल गिरण्यांना जातो आणि ट्रक त्याच्या दारात येऊन उभा राहतो. सर्वेक्षण करणारा अधिकारी हे पाहतो आणि परताव्याच्या रकान्यात शून्याच्या आसपासचा आकडा लिहितो. त्यात त्याचे फार चुकत नाही. सामाजिक गरजेचा मार्ग म्हणून या मापातून सूट देता येते, पण ती सूट मागायला कोणीतरी जोर लावावा लागतो.

अर्धा वाटा राज्याचा

महाराष्ट्रात अडलेले मार्ग हलले ते बहुतेक राज्याने निम्मा खर्च उचलल्यावर. अहमदनगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्च होता 353 कोटी. तो वाढत वाढत 4,805 कोटींवर गेला. राज्याने निम्मा वाटा मान्य केल्यानंतर कामाला वेग आला आणि 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडला पहिली गाडी पोहोचली, मंजुरीनंतर तीस वर्षांनी. वडसा-गडचिरोली हा पन्नासेक किलोमीटरचा तुकडा काहीशे कोटींवरून अठराशे कोटींच्या पुढे गेला, तिथेही राज्याचा निम्मा वाटा आहे. वर्धा-नांदेडमध्ये राज्याचा हिस्सा चाळीस टक्के. जालना-जळगाव हा 174 किलोमीटरचा, सुमारे 7,100 कोटींचा मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केला, त्याआधी राज्याने निम्म्या वाट्याची तयारी दाखवली होती.

राज्याचा वाटा म्हणजे एकरकमी धनादेश नव्हे. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात तो मागावा लागतो, पुरवणी मागण्यांत तो कापला जातो, आणि राज्याचे पैसे आले नाहीत म्हणून रेल्वे थांबते, रेल्वे थांबली म्हणून राज्य हात आखडते. बीडच्या तीस वर्षांतली बरीच वर्षे या चेंडूफेकीत गेली. तिकडे केंद्राचा पैसा मात्र वाढला आहे. महाराष्ट्रातील रेल्वेसाठी 2025-26 मध्ये 23,778 कोटींची तरतूद झाल्याचे रेल्वेमंत्र्यांनी सांगितले. 2009 ते 2014 या काळात ती वर्षाला सरासरी 1,171 कोटी होती. पैसा नाही म्हणून वाशिम अडले, असे म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

कंपनी काढून कर्जाने बांधायचा मार्गही महाराष्ट्राने चोखाळला. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राचे 51 टक्के आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या चार राज्यांचे उरलेले भांडवल. रोखे काढून पैसा उभारला आणि 1998 मध्ये मार्ग पूर्ण झाला. मार्ग झाला, पण कर्जाचे ओझे पुढे वर्षानुवर्षे महामंडळाच्या डोक्यावर राहिले. 2017 मध्ये राज्य आणि रेल्वे मंत्रालयाने मिळून महारेल ही कंपनी काढली. तिच्या पुणे-नाशिक सेमी हायस्पीड मार्गाचे गणित कागदावर चोख होते: 235 किलोमीटर, 16 हजार कोटी, केंद्र आणि राज्य वीस-वीस टक्के, उरलेले साठ टक्के कर्ज. जमीन खरेदीही सुरू झाली. मग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला त्रास होईल हा आक्षेप आला आणि मार्गच बदलायची वेळ आली. पुणे-नाशिक पट्ट्याचे हे, तर मानोऱ्याचे काय?

शहरांची गोष्ट वेगळी आहे. 2017 च्या मेट्रो धोरणाने त्यांना एक साचा दिला: केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, उरलेले परदेशी बँकेचे कर्ज, आणि स्थानकाभोवतीच्या वाढीव चटईक्षेत्रातून वसुली. नागपूर मेट्रोचा 43.8 किलोमीटरचा दुसरा टप्पा 6,708 कोटींचा, त्याला याच साच्यात डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी मिळाली. लंडनने तर एलिझाबेथ लाइनसाठी मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवर जादा कर बसवला. ती मार्गिकाही 2018 ऐवजी 2022 मध्ये उघडली आणि खर्च वाढला, पण पैसे कोणाकडून येणार हे सुरुवातीपासून ठरलेले होते. वाशिमच्या स्थानकाभोवती जागेचे भाव इतके नाहीत की त्यातून रूळ टाकता येतील. त्यामुळे शहराचा साचा इथे लागू पडत नाही आणि ग्रामीण जिल्ह्यासाठी दुसरा साचा कोणी तयारच केला नाही.

त्याच जमिनीतून महामार्ग गेला

जमीन मिळत नाही, हे कारण वाशिमला लावता येत नाही. समृद्धी महामार्गाचा सुमारे 97 किलोमीटरचा पट्टा कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला आहे. 2015 मध्ये घोषणा झाली, 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून 2025 मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पाही. विरोध झाला, मोर्चे निघाले, पण थेट खरेदीत बाजारभावाच्या अनेकपट मोबदला मिळाल्यावर बहुतेकांनी सह्या केल्या. जोडीला अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्गही चौपदरी झाला. एका संस्थेकडे जबाबदारी, हातात पैसा आणि मुख्यमंत्र्यांचे रोजचे लक्ष, एवढे असले की दहा वर्षांत सातशे किलोमीटर होतात, हे वाशिमकरांनी आपल्या शेताच्या बांधावरून पाहिले.

रेल्वेच्या सर्वेक्षणाचा अनुभव याच्या उलट. मोजणीवाले येतात, चुन्याच्या खुणा करतात, खुंट्या ठोकतात आणि जातात. त्या दिवसापासून गावात कुजबुज सुरू होते. ज्याच्या गटातून रेघ गेली, त्याला विहीर खोदावी की नाही कळत नाही. संत्र्याची नवी बाग लावावी, तर उद्या मोबदल्यात झाडे धरतील की नाही? मुलीच्या लग्नासाठी दोन एकर काढायचे म्हटले, तर गिऱ्हाईक रेल्वेच्या भीतीने भाव पाडते. रेल्वे कायद्याच्या कलम 20-अ खाली भूसंपादनाची अधिसूचना निघाली, तर निदान तारखा ठरतात, हरकत घेता येते. नुसत्या सर्वेक्षणात यातले काहीच नसते. सातबारावर नोंद नाही, पण सौद्याच्या वेळी मात्र सगळ्यांना माहीत, अशी ती अडचण असते.

खरेच गरज आहे का?

रस्ते इतके चांगले झाले असताना हजारो कोटींची रेल्वे कशाला, असा प्रश्न विचारला जातो आणि तो गैर नाही. समृद्धीवरून कारंजाहून नागपूर अवघ्या काही तासांचे अंतर. पण समृद्धीवरून स्वतःची गाडी असलेला जातो. टोल भरायची ऐपत नसलेला शेतमजूर, पुण्याला कंपनीत लागलेला आणि दिवाळीला घरी येणारा तरुण, नागपूरच्या मेडिकलला उपचारासाठी जाणारे म्हातारे जोडपे, यांच्यासाठी खासगी ट्रॅव्हल्सचे सणासुदीचे भाडे हाच पर्याय उरतो. जानेवारी 2018 मध्ये केंद्राने वाशिमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले, राज्यातल्या चारांपैकी एक. तिथल्या माणसाला स्वस्त प्रवास हवा की नको, हे परताव्याच्या रकान्यातून ठरवता येणार नाही. मात्र याच कारणाने पाचही मार्ग हवेत, असेही सिद्ध होत नाही.

वाली कोण?

जिल्हा एक असला तरी तो दोन लोकसभा मतदारसंघांत विभागला आहे. वाशिम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशिममध्ये, रिसोड अकोल्यात. रेल्वेचे कारभारही दोन. वाशिम स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, म्हणजे निर्णय सिकंदराबादला. शकुंतला मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, म्हणजे निर्णय मुंबईला. यवतमाळ-वाशिमच्या खासदाराचा जीव वर्धा-नांदेड मार्गात अडकलेला, अकोल्याच्या खासदाराचा अकोला-खांडव्यात. प्रत्येकजण वाशिमसाठी निवेदन देतो, पण वाशिम हे कोणाच्याच यादीत पहिले नाव नाही. आणि वाशिमकरही पाच मागण्या एकाच निवेदनात घालून देतात. सरकारला 'विचाराधीन' म्हणायला याहून सोपे निवेदन कोणते?

म्हणून माझे मत असे की यादी एका मार्गावर आणावी, आणि तो मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा असावा. त्याची कारणे सांगता येण्यासारखी आहेत. जुनी आखणी आणि रुळांखालची पट्टी आधीच आहे, त्यामुळे नवे भूसंपादन नव्या मार्गापेक्षा कमी लागेल. कंपनीच्या मालकीचा तिढा सोडवणे कठीण आहे, पण तो एका कराराचा प्रश्न आहे, हजार शेतकऱ्यांचा नव्हे. दारव्ह्याला वर्धा-नांदेड मार्ग येतोच आहे. त्यामुळे 113 पैकी सगळा मार्ग रुंद करायची गरज नाही, मूर्तिजापूर ते दारव्हा एवढा तुकडा मुंबई-नागपूर मुख्य मार्ग आणि वर्धा-नांदेड मार्ग यांना जोडतो. दोन ब्रॉडगेज मार्गांमधला दुवा म्हटल्यावर परताव्याचे गणितही एकट्या फाट्यापेक्षा बरे निघते. कारंजा जुळले की पुढे मंगरुळपीर आणि वाशिम हा नवा तुकडा मागायला आधार मिळतो. शेजारचे उदाहरणही आहे: नागपूर-नागभीड नॅरोगेज 2019 मध्ये बंद करून तिच्या 106 किलोमीटरच्या रुंदीकरणाची जबाबदारी महारेलकडे दिली गेली. ते काम ठरल्या वेळेत झाले नाही, पण तिथे निदान एक संस्था जबाबदार आहे.

यात वाशिम शहराला आणि रिसोड-मानोऱ्याला थांबावे लागेल, हे उघड आहे. त्यांना ते पटवणे हे जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांचे काम आहे आणि तेच सर्वांत अवघड. पण पुढच्या फेब्रुवारीत पिंक बुक आले की वाशिमकरांनी चारच गोष्टी पाहाव्यात: प्रकल्पाचे नाव आहे का, समोरचा आकडा हजार रुपयांचा आहे की कोटींचा, राज्याच्या अर्थसंकल्पात त्याच मार्गाचा वाटा दाखवला आहे का, आणि कलम 20-अ ची अधिसूचना निघाली का. चारांपैकी दोनही 'होय' नसतील, तर त्या वर्षी सर्वेक्षणाच्या मंजुरीबद्दल सत्कार स्वीकारणाऱ्या लोकप्रतिनिधीला हार घालण्याऐवजी या चार प्रश्नांचा कागद हातात द्यावा.